चमचा, कप आणि ग्रॅम: मापं बदलताना हिशेब कुठे चुकतो

पाककृतीतली मापं एकातून दुसऱ्यात नेण्याचे तक्ते हवे तेवढे मिळतात. तरीही तक्ता समोर ठेवून केलेला पदार्थ कधी खारट होतो, कधी केक मधोमध बसतो. तक्त्यातले आकडे बहुतेक वेळा बरोबर असतात. आपण त्यांना विचारलेला प्रश्न चुकलेला असतो.

‘एका टेबलस्पूनमध्ये किती टीस्पून?’ हा एक प्रश्न. ‘एक टेबलस्पून मैदा म्हणजे किती ग्रॅम?’ हा दुसरा. दोन्ही एकाच जातीचे वाटतात, पण पहिल्याचं उत्तर चमच्यात काहीही असलं तरी तेच राहतं आणि दुसऱ्याचं जिन्नसागणिक बदलतं. टीस्पून, टेबलस्पून, कप, मिलिलीटर ही सगळी जागेची मापं: किती मावतं ते सांगणारी. ग्रॅम हे वजनाचं. जागेतून जागेत जायचं तर साधा गुणाकार-भागाकार पुरतो. जागेतून वजनात जायचं तर तो जिन्नस किती भरीव, किती भुसभुशीत, हे ठाऊक असावं लागतं. माप बदलायला बसण्याआधी आपला प्रश्न यातला कुठला, एवढं ठरवलं तरी निम्मा घोळ मिटतो.

जागेतून जागेत

आधी सोपं. १ टेबलस्पून म्हणजे ३ टीस्पून. १६ टेबलस्पून म्हणजे १ कप. मिलिलीटरमध्ये टीस्पून ५, टेबलस्पून १५ आणि कप साधारण २४०. काटेकोर अमेरिकी टीस्पून ४.९३ मि.ली.चा आणि कप २३६.६ मि.ली.चा असतो, पण स्वयंपाकघरात हा फरक सोडून द्यावा. खुद्द अमेरिकेत खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरची पोषणमूल्यं छापताना ५, १५ आणि २४० हेच आकडे धरतात.

सोळाची ही शिडी मोठी सोयीची आहे, कारण १६ चे निम्मे करत गेलं की अपूर्णांक येत नाही. अर्धा कप ८ टेबलस्पून, पाव कप ४, अर्धपाव कप २. पाऊण कपाचं निम्मं करायचं तर १२ चे ६, संपलं. अडचण येते ती तिसऱ्या हिश्श्याला. १६ ला ३ ने भाग जात नाही; पण टेबलस्पूनला जातो, कारण त्यात ३ टीस्पून आहेत. म्हणून एक तृतीयांश कप म्हणजे ५ टेबलस्पून आणि १ टीस्पून. त्याचं निम्मं हवं असेल तर २ टेबलस्पून आणि २ टीस्पून. अख्खी पाककृती निम्मी करताना याच जागी लोक सर्वाधिक अडखळतात आणि मग ‘असू दे, पाव कपच घालू’ म्हणतात. पाव कप म्हणजे ४ टेबलस्पून. हवे होते पावणेतीनच्या आत. म्हणजे जवळपास दीडपट झालं.

इंग्रजी पाककृतीत संक्षेप वापरले असतील तर नीट पाहावं. एकटं ‘टी’ हे अक्षर मोठ्या लिपीत असलं तर टेबलस्पून आणि छोट्या लिपीत असलं तर टीस्पून, अशी तिथली रूढी आहे. एका अक्षराच्या उंचीवर तिप्पट मीठ पडू शकतं. या रूढीची मला कधी खात्री वाटलेली नाही. जिन्नस मीठ किंवा बेकिंग सोडा असेल तर त्या पाककृतीतलं बाकीचं प्रमाण बघून ताडून घ्यावं.

कप कुणाचा?

कप हे माप जगभर एक नाही. अमेरिकी कप २३७ मि.ली.च्या आसपास. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २५०. जपानी पाककृतीतला कप २०० मि.ली.चा, आणि तांदूळ शिजवायच्या विजेच्या भांड्यासोबत जो कप येतो तो तर १८० मि.ली.चा असतो, कारण तो जपानच्या ‘गो’ या जुन्या मापावरून आलेला आहे. स्वीडनच्या पाककृतीत कप येतच नाही. तिथे डेसिलीटर असतो, म्हणजे १०० मि.ली., आणि मसाल्यासाठी चक्क १ मि.ली.चं वेगळं माप असतं.

चमच्यांतला लबाड सदस्य ऑस्ट्रेलियाचा टेबलस्पून. तो २० मि.ली.चा, म्हणजे ४ टीस्पूनचा असतो. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये मात्र १५ चाच. ऑस्ट्रेलियन पाककृतीत १ टेबलस्पून बेकिंग पावडर लिहिली असेल आणि आपण १५ मि.ली.चा चमचा वापरला, तर पाव हिस्सा कमी पडली.

पाइंटचंही तेच. अमेरिकेचा पाइंट १६ द्रव-औंसांचा, सुमारे ४७३ मि.ली.; ब्रिटनचा २० द्रव-औंसांचा, ५६८ मि.ली. पाइंट म्हणजे गॅलनचा आठवा हिस्सा, आणि हा फाटा गॅलनपासूनच १८२४ मध्ये फुटला. ब्रिटनने त्या वर्षी जुने गॅलन मोडीत काढून १० पौंड पाणी मावेल एवढा नवा गॅलन ठरवला. अमेरिकेने मात्र २३१ घन इंचांचा जुना, वाइन मोजायचा इंग्रजी गॅलन तसाच चालू ठेवला. दोनशे वर्षं झाली, पण त्याचा ताप अजून स्वयंपाकघरात होतोय.

मग कप चुकीचा असला की सगळं बिघडतं का? नाही, आणि का नाही हे समजून घेण्यासारखं आहे. पाककृतीत सगळं एकाच कपाने मोजायचं असेल, उदाहरणार्थ १ कप तांदळाला २ कप पाणी, तर तुमचा कप २०० चा असो की २५० चा, प्रमाण तेच राहतं. पदार्थ थोडा कमी-जास्त होईल, चवीत फरक नाही. बिघाड सुरू होतो तो कपासोबत कपाने न मोजलेली गोष्ट आली की. २ कप मैदा, २ अंडी, १ टीस्पून बेकिंग पावडर. इथे २५० ऐवजी २०० चा कप घेतला तर मैदा पाचव्या हिश्श्याने घटला, पण अंडं काही घटलं नाही, पावडरही नाही. पाककृती कुठल्या देशातली हे शोधण्याची तसदी अशाच ठिकाणी घ्यावी. जिथे सगळं कपातच आहे तिथे घेऊ नये.

जागेतून वजनात

पाण्याचं गणित सोपं असण्यामागे योगायोग नाही. १७९५ मध्ये फ्रान्सने ग्रॅम ठरवला तोच मुळी एक घन सेंटिमीटर पाण्याच्या वजनावरून, आणि एक घन सेंटिमीटर म्हणजे एक मिलिलीटर. व्याख्या पुढे बदलल्या, तरी १ मि.ली. पाणी म्हणजे १ ग्रॅम हे व्यवहारापुरतं आजही खरं. दूध, व्हिनेगर, लिंबाचा रस हेही पाण्याच्या इतके जवळ आहेत की वेगळा हिशेब नको.

बाकीच्या जिन्नसांना एका आकड्याने गुणावं लागतं. १ मि.ली. जागेत त्या जिन्नसाचे किती ग्रॅम मावतात, तो आकडा म्हणजे घनता. तेलाची ०.९२. मधाची १.४ च्या थोडी वर. दाणेदार साखरेची ०.८५ च्या आसपास, बारीक मिठाची १.२, मैद्याची ०.५ च्या जरा पुढे, कोको पावडरची त्याहून कमी. मि.ली. गुणिले घनता, की ग्रॅम आले. एकाच १५ मि.ली.च्या टेबलस्पूनमध्ये म्हणूनच मध २१ ग्रॅम, मीठ १८, तेल १४ च्या आत-बाहेर, साखर साडेबारा, मैदा ८ आणि कोको जेमतेम ५ ते ६ ग्रॅम भरतो. अमेरिकी कपाने मोजलं तर साखर २०० ग्रॅम, मध सुमारे ३४०, मैदा १२० ते १२५.

मैद्याच्या आकड्यापुढे मी मुद्दाम थांबतो. द्रवाची घनता मुकाट्याने एक राहते, पिठाची राहत नाही. चमच्याने हलकेच कपात सोडून वरून सुरीच्या पाठीने सपाट केलेला मैदा १२० ग्रॅमच्या आसपास येतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर १४०-१५० पर्यंत जातो. वर डबा आपटला, कप ठोकला, तर आणखी. चाळलेला मैदा याहून खाली. म्हणजे माप तेच, कप तोच, माणूसही तोच, आणि फरक पाचव्या-चौथ्या हिश्श्याचा! ‘एक कप मैदा म्हणजे किती ग्रॅम’ याची वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी उत्तरं मिळतात ती या कारणाने. सगळे आपापल्या भरण्याच्या पद्धतीपुरते बरोबर असतात. त्यामुळे बेकिंगची पाककृती ग्रॅममध्ये दिलेली असेल तर ती कपात नेण्याच्या फंदात पडू नये. काटा घ्यावा.

बोस्टनच्या पाकशाळेच्या प्रमुख फॅनी फार्मर यांनी १८९६ मध्ये सपाट भरलेला कप आणि सपाट भरलेला चमचा यांचा आग्रह धरला, तोवर अमेरिकेतल्या पाककृतींत ‘अंड्याएवढं लोणी’, ‘चहाच्या पेल्याएवढी साखर’ असलीच मापं चालत. त्यांच्या आग्रहाचा फायदा मोठा झाला, पण सपाट करण्याने फक्त वरचा ढीग जातो. आत किती दाबलंय त्याचं काही होत नाही.

चिरण्याचंही पाहा. ‘१ कप बारीक चिरलेले अक्रोड’ आणि ‘१ कप अक्रोड, बारीक चिरून’ या दोन सूचना वेगळ्या आहेत. पहिल्यात आधी चिरायचं, मग मोजायचं, दुसऱ्यात उलट. अख्ख्या अक्रोडांमध्ये हवेच्या पोकळ्या असतात, त्यामुळे दुसऱ्या रीतीने अक्रोड कमी पडतात. किसलेलं चीज, पानांच्या भाज्या यांचं तर विचारूच नका. अशा जिन्नसांना कपाचं माप लावणं म्हणजे अंदाजालाच आकड्याचा पोशाख चढवणं.

वजनाकडे वळताना दोन सापळे. एक औंसाचा. औंस दोन आहेत: वजनाचा २८.३५ ग्रॅमचा आणि द्रवाचा, अमेरिकेत २९.६ मि.ली.चा. पाण्यासाठी दोन्ही जवळपास जुळतात, म्हणून गैरसमज टिकून राहतो. ८ द्रव-औंस मध मात्र वजनाला १२ औंस भरतो. दुसरा सापळा काट्यावरच्या मि.ली.च्या बटणाचा. डिजिटल काट्याला जागा मोजता येत नाही. तो वजनच करतो आणि ते पाणी आहे असं समजून मि.ली. दाखवतो (काहींवर दुधासाठी वेगळी खूण असते). त्या बटणावर १०० मि.ली. तेल मोजलंत तर प्रत्यक्षात १०८-१०९ मि.ली. पडलेलं असतं.

अर्धा चमचा दिसतो तेवढा अर्धा नसतो

लहान मापांतली सर्वात मोठी चूक डोळ्याची असते. गोलसर चमच्यात द्रव निम्म्या खोलीपर्यंत आला की आपण त्याला अर्धा चमचा म्हणतो. चमच्याची वाटी अर्धगोलासारखी असेल तर निम्म्या खोलीपर्यंत त्यातली फक्त ३१ टक्के जागा भरलेली असते, कारण वाटी वर रुंद आणि तळाशी निमुळती असते. खरा अर्धा हवा तर खोलीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत भरावं लागतं. म्हणून अर्ध्या आणि पाव टीस्पूनची वेगळी मापं असतात, आणि द्रवासाठी ती वापरावीतच. कोरड्या जिन्नसाला युक्ती आहे: चमचा काठोकाठ भरून सपाट करा, मग सुरीने लांबीच्या दिशेने मधोमध रेघ ओढून अर्धं काढून टाका. दांड्याच्या दोन्ही बाजूंना चमचा सारखाच असतो, त्यामुळे ही वाटणी खरी पडते. आडवी रेघ ओढली तर टोकाकडचा आणि दांड्याकडचा भाग सारखा निघेलच असं नाही.

शीग हा दुसरा घोळ. शिगोशीग चमचा कधीकधी सपाट चमच्याच्या दुप्पट भरतो, आणि चमचा जितका पसरट तितकी शीग मोठी. पाककृतीत शीग म्हटली नसेल तर चमचा सपाट धरायचा. द्रवालाही थोडी शीग येते बरं का: पृष्ठताणामुळे पाणी काठाच्या वर फुगून राहतं. एका टीस्पूनमध्ये त्याने आकाश कोसळत नाही, पण इसेन्ससारखा उग्र जिन्नस भांड्यावर धरून मोजू नये; हात हलला की फुगलेलंही आत आणि सांडलेलंही आत.

मापाच्या उभ्या भांड्यात द्रवाचा पृष्ठभाग कडेला वर चढलेला आणि मध्ये खोलगट दिसतो. वाचन मधल्या खोलगट भागाचं, आणि भांडं ओट्यावर ठेवून डोळे त्याच्या पातळीला आणून. भांडं उचलून डोळ्यासमोर धरलं तर ते नकळत कलतं. मध किंवा पाक मोजायचा असेल तर चमच्याला आधी तेलाचं बोट फिरवावं, नाहीतर मापातला बराच ऐवज चमच्यालाच चिकटून राहतो. त्याहून सोपं म्हणजे मधाची बरणीच काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि लागेल तेवढा मध काढायचा. काट्यावर उणे जो आकडा येईल तेवढा मध बाहेर आला.

काटा कुठे हरतो

एवढं काट्याचं कौतुक केल्यावर हे सांगायलाच हवं: अगदी लहान मापांत चमचा काट्याला हरवतो. घरगुती काटा बहुधा १ ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो. तो २ दाखवतो तेव्हा खरं वजन दीडपासून अडीच ग्रॅमपर्यंत कुठेही असू शकतं, म्हणजे २५ टक्के इकडे किंवा तिकडे. २०० ग्रॅम मैद्यावर तेवढीच चूक पाव टक्का होते, कुणाला कळणारही नाही. शिवाय असे बरेच काटे हळूहळू पडणारी चिमूट ओळखतच नाहीत. शून्याजवळची किरकोळ हालचाल ते आपोआप पुसून टाकतात. म्हणून साधारण ५ ग्रॅमच्या खाली टीस्पून, ५० च्या वर काटा, आणि मधल्या पट्ट्यात जे हाताशी असेल ते, असा माझा नियम आहे.

दोघांची सांगड घातली तर आणखी चांगलं. आपला टीस्पून खरंच ५ मि.ली.चा आहे का, हे तपासायचं असेल तर रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा, त्यात १० सपाट चमचे पाणी घाला. ५० ग्रॅम आले तर चमचा खरा. ३८ आले तर तो ३.८ मि.ली.चा. एकच चमचा मोजला असता तर काट्याच्या १ ग्रॅमच्या टप्प्यानेच उत्तर बिघडवलं असतं. दहा मोजून भागल्याने ती चूक दहापट लहान होते. अशीच परीक्षा मिठाचीही घ्यावी, कारण मिठाचे खडे जसे, तसं चमच्याचं वजन. बारीक मिठाचा टीस्पून ६ ग्रॅमचा, पण पापुद्र्यांसारख्या जाड खड्यांच्या मिठाचा तोच टीस्पून ३ ग्रॅमच्या आसपासही भरतो. जाड मिठासाठी लिहिलेल्या पाककृतीत तेवढेच चमचे बारीक मीठ घातलं की पदार्थ खारट का होतो, ते यावरून कळेल.

चिमूट, शिंतोडा, थेंब यांना प्रमाणित व्याख्या नाही. चमच्यांच्या काही संचांत चिमूट म्हणजे टीस्पूनचा सोळावा हिस्सा आणि शिंतोडा म्हणजे आठवा, असं धरलेलं असतं, पण ते बनवणाऱ्याने ठरवलेलं. थेंबांसाठी औषधशास्त्रातला जुना संकेत १ मि.ली.ला २० थेंबांचा आहे, म्हणजे टीस्पूनला १००. तो पाण्यापुरता. तेल आणि अल्कोहोल यांचा पृष्ठताण कमी, त्यामुळे त्यांचे थेंब लहान पडतात आणि १ मि.ली.त जास्त मावतात. अल्कोहोलात काढलेल्या अर्काचे थेंब मोजताना हे लक्षात असू द्यावं.

काटेकोरपणा सगळीकडे सारखा लागत नाही, हेही खरं. रस्स्यात दोन टेबलस्पून पाणी जास्त पडलं तर ते आटवता येतं. मीठ, बेकिंग सोडा, बेकिंग पावडर, यीस्ट आणि अगार किंवा जिलेटिनसारखे घट्ट करणारे जिन्नस यांचं तसं नाही. ते मुळातच थोडे घालायचे असतात, त्यामुळे पाव टीस्पूनची चूकही टक्केवारीत मोठी ठरते, आणि पडल्यावर काढता येत नाहीत.

एका गोष्टीसाठी मात्र यातली कुठलीही युक्ती वापरू नये, ती म्हणजे औषध. ग्रीसमध्ये संशोधकांनी २५ घरांतले चमचे गोळा करून मोजले तेव्हा चहाचे चमचे २.५ पासून ७.३ मि.ली.पर्यंत निघाले. म्हणजे एका घरातला ‘एक चमचा’ दुसऱ्या घरातल्या जवळपास तिप्पट. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये पातळ औषधांचा डोस फक्त मि.ली.मध्येच लिहावा अशी शिफारस केली, ती याच प्रकारच्या चुका टाळण्यासाठी. बाटलीसोबत आलेलं माप हरवलं तर औषधाच्या दुकानात मि.ली.च्या खुणा असलेली, सुई नसलेली तोंडाने औषध द्यायची सिरिंज मिळते, तीच वापरावी. तशीच एक वेगळी सिरिंज स्वयंपाकघरातही ठेवली, तर इसेन्स आणि खायचे रंग मोजायला पाव टीस्पूनपेक्षा ती बरी पडते.